झोपाळ्याला टांगलेली सायकल

रजियाभाभी माझी शेजारीण. चौक गावाजवळ जुन्या हायवेवर तिच्या नवऱ्याचा, कमालभाईंचा, घोटा टेंपोखाली चिरडला आणि तो हसता-बोलता माणूस ओटीवरच्या झोपाळ्याला चिकटला तो चिकटलाच. भाभीने बोलून पाहिलं, रुसून पाहिलं. शेवटी मुंब्र्याच्या भावाकडून जाड टायरची इलेक्ट्रिक सायकल मागवली. पाय मारावे लागत नाहीत, खड्ड्यांत डगमगत नाही. कमालभाई तिच्यावरून ढाब्यांना अंडी पोचवू लागले आणि त्या घरात पुन्हा आवाज आला.

मग मागचं चाक पंक्चर झालं. मोटार त्याच चाकाच्या पोटात, वायरी बाहेर लोंबतायत. गॅरेजवाले म्हणाले, "मोटारच्या चाकाला आमी हात लावत नाय." कमालभाई लंगडत सायकल ढकलत आले आणि थेट झोपाळ्यावर बसले. भाभीचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, आता बसले ते उठायचे नाय," ती मला म्हणाली.

पण ती हातावर हात धरून बसणारी बाई नव्हे. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "उठा. झोपाळा पायजे."

फळी काढून तिने माझ्या हाती दिली. मग आम्ही दोघींनी धापा टाकत त्या धुडाची मागची बाजू झोपाळ्याच्या साखळ्यांना टांगली. चाक बरोब्बर हाताशी आलं. ते सोडवायचंच नाही, टायरची एक कड उचलून ट्यूब तेवढी बाहेर ओढायची! मी म्हटलं, बाई आहेस की कोण आहेस?

टायर मात्र जागचा हलेना. तिने कडेला खोबरेल चोळलं आणि कालथा घालून ती उचलली. ट्यूब आली, पण तेलकट हातांनी लावलेलं ठिगळ हवा भरताच सुटलं. भिंतीला टेकून उभ्या कमालभाईंना ते बघवेना.

"अगं, टायर हाय का पापलेट? तेल कशाला चोळतेस?"

"मंग तुमीच सांगा की!"

"ट्यूब घासून पूस आधी. आनी पेज आण भाताची. टायर सरकंल, ठिगळ नाय सुटायचं."

बोलता बोलता ते खाली बसले, दुखरा पाय लांब करून दोन्ही हातांनी टायर फाकवून धरला. भाभीने ट्यूब खसाखसा घासली, नवं ठिगळ दाबलं, कडेला पेज लावून टायर आत ढकलला. सारा वेळ दोघं कचाकचा भांडत होते. मला ते भांडण फार गोड लागलं.

हवा टिकली. कमालभाई अंडी घेऊन गेले आणि भाभी पायरीवर बसून घळाघळा रडली. मी फळी परत द्यायला गेले, तर डोळे पुसत म्हणाली, "तुमच्याकडंच ठेवा, वहिनी. हे मागायला आले तरी देऊ नका."

ती फळी आता माझ्या ओटीवर आहे, तिच्यावर मी हंडे ठेवते. कमालभाई दर आठवड्याला अंडी द्यायला येतात, फळीकडे बघतात. अजून त्यांनी मागितलेली नाही.