कडकताईनं शर्ट सोडले

पायातली चप्पल रस्त्यात गळून पडली आणि बाई एक पाय अनवाणी तशीच दुकानात आली, तरी तिला पत्ता नाही. समोरच्या किराणावाल्यानं ती दोन बोटांत धरून आणून दिली.

"ताई, कसल्या एवढ्या तंद्रीत?"

"तुम्ही कुणाचं काही परत करता का, ते बघत होते."

किराणावाला हसत गेला. ती मात्र आत जाऊन त्या पायाकडे बघत बसली. पाय आपल्या जागी होता, बोटंही सगळी होती. फक्त चप्पल गेल्याची खबर त्यानं वर कळवली नव्हती.

इस्त्रीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पुढं शटर, मध्ये पडदा, पडद्यामागं कॉट, शेगडी आणि ती. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्याबद्दल ती बोलली नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक, म्हणून तिला सगळे कडकताई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, मनातून आवडायचंही. पण आवडल्याचं दाखवलं तर मग कडक कसली?

माणसं तिच्याकडे यायची ती कपड्यांच्या मागोमाग. गाठोडं टाकता टाकता कुणी सुनेचं गाऱ्हाणं टाकून जाई, कुणी स्वतःच्या गुडघ्याचं. सुट्टीच्या दिवशी शटर खाली असलं की चिटपाखरू फिरकत नसे. दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलायला तिला घसा खाकरावा लागे, कारण आदला अख्खा दिवस त्या घशातून शब्द गेलेला नसायचा.

रोज येणारा एकच. रिटायर झालेला पोस्टमन. बायको गेलेली, मुलगा परगावी. रोज एक शर्ट आणायचा आणि तो होईपर्यंत स्टुलावर बसायचा. "रिटायर माणसानं चुरगळलेलं घातलं की लोक तब्येत विचारतात," असं त्याचं म्हणणं. ती म्हणायची, "आणि कडक घातलं की?" "मग उसने पैसे मागतात." असली ती मैत्री. तिला मैत्री म्हणावं हेही दोघांना सुचलं नसेल.

पायामागोमाग उजवा हात गेला. गेला म्हणजे होता, पण भरवशाचा राहिला नाही. सकाळी बरा चाले. ऊन चढलं, इस्त्री तापली, खोलीचा तवा झाला, की बोटं पाहुण्यासारखी नुसती बसून राहायची. पाऊल उचलायला जावं तर चवडा जमिनीला घासायचा. पडद्यामागं बादलीत गार पाणी भरून ती पाय बुडवून बसे, ओला टॉवेल मानेवर घेई. मग थोडा वेळ हातपाय पुन्हा आपले वाटत. रस्त्यात तोल जायचा तेव्हा एकीनं दुसरीच्या कानात विचारलंच, "घेते की काय ही?" कडकताईच्या कानावर ते आलं. तिनं खुलासा केला नाही. दारुडी म्हटलेलं चालेल, बिचारी म्हटलेलं नको.

शेवटी मोठ्या इस्पितळात गेली. त्यांनी तिला नळीत घालून डोक्याचे फोटो काढले. मग डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणाल्या, शिरांवरचं आवरण जागोजागी झिजतं, मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. पुरता बरा होत नाही, पण औषधानं थोपवून धरू.

"आणि उष्णता टाळा."

"डॉक्टरीणबाई, मी इस्त्री करते. आइस्क्रीम विकत नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणून ही एकटीच हसली, आणि बाहेर येऊन बाकावर बराच वेळ बसून राहिली. शेजारच्या बाकांवर प्रत्येकासोबत कुणीतरी होतं. हिच्या शेजारी फोटोंचा लखोटा होता.

धाकट्या बहिणीला तिनं फोनवर सांगितलं. बहीण रडली आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे ये. बसून खा." माया खरी होती, त्यात खोट नव्हती. पण कडकताईला बहिणीच्या हॉलमधली ती खुर्ची लख्ख दिसली. येणारा जाणारा म्हणणार, काय मावशी, बरंय ना? आणि उत्तर ऐकायच्या आधी टीव्हीकडे बघणार. "बघू," म्हणाली. दुकानात मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

इस्त्री किती तापली हे बघायची तिची जुनी रीत होती. बोट पाण्यात बुडवायचं, तळाला निसटतं टेकवायचं, चर्र आवाज आला की समजायचं. बटण फिरवून आकडा बघणाऱ्यांना ती हसायची. त्या दिवशी पोस्टमन स्टुलावर होता, गप्पा रंगल्या होत्या. तिनं बोट टेकवलं.

"ताई, शर्ट जळतोय वाटतं."

"शर्ट अजून पिशवीत आहे तुमचा," ती म्हणाली, आणि खाली पाहिलं. बोट अजून इस्त्रीलाच होतं. भाजलं ते आधी नाकाला कळलं, बोटाला कळलंच नाही.

पोस्टमननं तिचा हात ओढून पाण्याच्या भांड्यात घातला. तिनं ओरडायला पाहिजे होतं. ती ओरडली नाही, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मग तिनं सगळं सांगून टाकलं. जाताना तो शर्ट तसाच चुरगळलेला घेऊन गेला.

आपला हात जगन्नाथ म्हणतात. हिचा जगन्नाथच रुसला होता. ती रडत बसली नाही. सुताराला बोलावून टेबलाचे पाय कापून घेतले, म्हणजे बसून काम होईल. इस्त्री हलकी घेतली, डाव्या हातानं धरली. डावा हात म्हणजे घरजावई, जन्मभर आयतं खाल्लेलं, कामाला लावला तर रुसून बसायचा. तरी सकाळच्या गारव्यात उशीचे अभ्रे, रुमाल, चादरी, जे जे सरळ आहे ते जमू लागलं. बोट आता पाण्याच्या भांड्यापुरतंच राहिलं. इस्त्रीवर ती पाण्याचे थेंब उडवी. शर्ट जमेना. कॉलर, खांदा, बाह्या, बटणांची पट्टी, त्याला दोन शहाणे हात लागतात. वाईट करून देण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं. शर्टवाल्या सगळ्यांना तिनं पलीकडच्या लाँड्रीत पाठवलं. पोस्टमनलाही तितक्याच ताठ्यात सांगितलं, "तुमचे शर्टही तिकडे द्या."

बोलून गेली. शर्टाबरोबर माणूसही जातो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग दुकानात येईना झालं कुणी. चादरीवाल्या बाया पोरांच्या हाती गाठोडं धाडत. बाकीचे दुकानासमोरून जायचं टाळू लागले. राग नव्हता कुणाचा, संकोच होता. पण संकोचानंही दुकान रागाइतकंच रिकामं होतं. टेबल बुटकं झाल्यापासून तिला अर्ध्या ओढलेल्या शटरखालून रस्त्यावरची माणसं कमरेपासून खालीच दिसत. ती पायांवरून माणूस ओळखायला शिकली. पोस्टमनचे पाय तिनं अचूक ओळखले. समोरच्या फुटपाथवरून, भिंतीला चिकटून, झपाझप. दुसऱ्या दिवशीही तसेच.

बहिणीचा फोन आला. "ताई, तिथं आता तुझं आहे तरी कोण?" कडकताईकडे प्रत्येक प्रश्नाला उलटं उत्तर असे. या वेळी मात्र "उद्या सांगते," म्हणाली.

उद्या उजाडला आणि पुन्हा ते पाय पलीकडून निघाले. उठून शटरपर्यंत जायचं म्हणजे तोवर माणूस कोपरा ओलांडणार. उभ्या जन्मात तिनं कुणाला हाक मारून बोलावलं नव्हतं, माणसं आपली आपण यायची. तिनं टेबलाला धरलं आणि बसल्या जागेवरून ओरडली.

"अहो पोस्टमन!"

पाय थांबले. रस्ता ओलांडून आले. पोस्टमन वाकून आत बघू लागला. काखेत पिशवी होती, ती त्यानं पाठीमागं नेली.

"लपवू नका. संशय घ्यायला मी काही तुमची बायको नाही."

"तसं नाही ताई. तुमच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे कपडे न्यायचे म्हणजे..."

"शर्ट तिकडे द्या म्हटलं होतं. तोंड तिकडे करा म्हटलं नव्हतं."

तो ओशाळून हसला. इथं तिनं आणखी एखादा टोला हाणायचा, अशी रीत होती. टोला तयारही होता. तो गिळून ती म्हणाली, "दिवसभर कुणी येत नाही हो."

पोस्टमन आत आला. स्टुलावर चादरींची चळत होती. ती उचलून कुठं ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून मांडीवर घेऊन बसला.

"कॉलरचं टोक वाकडं केलंय लाँड्रीवाल्या मेल्यानं," त्याच्या अंगातल्या शर्टाकडे बघत ती म्हणाली.

"ठाऊक आहे. मला कुठं आता पत्रं वाटायचीत?"

नंतर ती डाव्या हातानं अभ्रा करत होती, तो इस्त्री जाईल येईल तिकडे बघत होता. एकदा अभ्र्याचं टोक दुमडलं, त्यानं हात पुढं केला, तिनं डोळे वटारले, त्यानं मागं घेतला. ऊन शटरपाशी आलं तशी तिनं इस्त्री बंद केली. तो उठला, चळत पुन्हा स्टुलावर नीट ठेवली आणि गेला.

दुपारी ठरल्यासारखा फोन वाजला.

"मग? कधी येतेस?"

"एवढ्यात नाही गं."

"का? कुणासाठी थांबलीयेस?"

"सकाळी एकजण येऊन बसतो."

बहिणीला जरा बरं वाटलं. तो उद्या येतो म्हणाला नव्हता, हे कडकताईनं तिला सांगितलं नाही. फोन ठेवून तिनं बादली ओढली आणि दोन्ही पाय गार पाण्यात सोडून संध्याकाळ व्हायची वाट बघत बसली.