वाढणारीच उपाशी

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी सव्वीस वर्षांत दुपारचा गरम घास म्हणून खाल्ला नव्हता. चारशे पोरांना वाढून होईपर्यंत त्यांच्या वाट्याला खरवड यायची, तीही उभ्यानं. कुणी हळहळलं तर म्हणायच्या, "देवानं हाताला चव दिलीय, जिभेला सवड दिली नाही."

निवृत्तीला मोठ्या बाईंनी विचारलं, "मावशी, शाळेकडून काय हवं? शाल की घड्याळ?"

"एकदा बसवून जेवायला वाढा. मी उठणार नाही, एवढंच."

मागणं ते केवढं! पण चित्रकलेच्या सरांना नव्या स्पॅनिश हॉटेलाचा शोध लागला होता. "तिथे टापास मिळतात. छोट्या बशा मधे ठेवायच्या, सगळ्यांनी मिळून खायचं. अगदी घरच्यासारखं!" घरच्यासारखंच हवं होतं, तर कुणाच्या घरात चूल नव्हती का?

संध्याकाळी आठ जण लांबलचक टेबलाला बसले. मावशींना मानाची म्हणून टोकाची खुर्ची दिली. म्हणजे बशी फिरत फिरत त्यांच्यापाशी शेवटी येणार, हे एकाही शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या बशीत तीन तळलेले गोळे. माणसं आठ!

"चव घ्यायची असते, मावशी," सर म्हणाले.

"चवीला तरी माणशी एक नको?"

त्यांच्यापर्यंत गोळ्यांखालचं हिरवं पान तेवढं पोचलं. मग तेलातली अळिंबी आली. मावशींनी घासाआधी नेहमीसारखे डोळे मिटून हात जोडले. उघडले, तर शेजारचे कारकून पावानं बशी पुसत होते.

"मला वाटलं, तुम्हाला नकोय!"

देवाचं नाव घ्यायलाही या टेबलावर सवड नव्हती. कोळंबी आली ती थेट मावशींसमोर. पण हाताला वळण पडलेलं. "घ्या, घ्या," म्हणत त्यांनीच बशी पुढे सरकवली आणि परत आल्या त्या नुसत्या शेपट्या. ही चूक त्यांचीच, कबूल. पण सात जणांपैकी एकाला तरी विचारावंसं वाटू नये, बाई तू काय खाल्लंस?

वर मोठ्या बाई म्हणतात, "झालं ना पोटभर? आता भाषणं."

सर कागद घेऊन उभे राहिले. "मावशींनी कधी कुणाला उपाशी ठेवलं नाही..." टाळ्या पडल्या. तेवढ्यात वाढप्यानं बटाट्याचं जाडजूड गोल आम्लेट आणून ठेवलं. मावशींनी बशी आपल्याकडे ओढली.

"मावशी, ते सगळ्यांसाठी आहे."

"ठाऊक आहे. आतापर्यंतचंही सगळ्यांसाठीच होतं."

त्यांनी हात जोडले, या खेपेला डोळे उघडे ठेवून, आणि खायला लागल्या. सावकाश, चावून चावून. कारकून फिसकन हसले, पण साथीला कुणी नाही म्हटल्यावर गप्प झाले. सर अजून उभेच.

"वाचा ना सर. घास तोंडात असला तरी कान मोकळे आहेत."

सर खाली बसले. अर्धं आम्लेट संपल्यावर मावशी म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला होता. "मावशी, आणखी काय मागवू?"

"गरम असेल ते. आणि त्या वाढप्याला नका सांगू. तुम्ही वाढा."

मोठ्या बाई उठल्या. मावशी बसून राहिल्या.