पहिला दिवा

घरात कुणी भांडायला लागलं की काशिनाथकाका एकच प्रश्न विचारत, "पयला दिवा कुठला लागला?" यावर काकींचं उत्तर ठरलेलं. "चाळीस वर्सं संसार केला, पण या मानसानं कदी माझी बाजू घेतली नाय. नुसता दिवा शोधत बसले."

काका तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये होते. तिथे भिंतभर लाल दिव्यांचा फलक. कुठे काही बिघडलं की एकामागोमाग साठ-सत्तर दिवे पेटायचे, भोंगे बोंबलायचे आणि नवखा माणूस सगळ्यांच्या मागे धावत सुटायचा. "धावायचा नाय," काका सांगत. "पयला लागला तो खरा. बाकीची त्याची पिलावळ." निवृत्तीनंतर फलक सुटला, सवय काही सुटली नाही.

पनवेलात त्यांच्या घरावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत मी आणि माझा भागीदार सौरभ मिठागराचा गेम बनवत होतो. भरती यायच्या आत बांध सांभाळायचा आणि उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारा दरवाजा, वेळेवर लावायचा. काकांचं बालपण मिठागरातच गेलेलं. त्यामुळे रोज दुपारी वर येऊन ते आमचं मीठ बघत आणि नाक मुरडत. "बाय, ह्ये मीठ हाय का साबुदाना?" त्यांचं बरोबर असायचं, हा आणखी एक ताप.

तो दिवस मी विसरणार नाही. गेम बाजारात आणणारी पुण्याची मंडळी चार वाजता बघायला येणार होती. त्यांना पसंत पडला तर आम्ही तरलो. नाहीतर सौरभच्या बॅगेत खारघरच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र होतं आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. सकाळी दहाला मी गेम उघडला, तर स्क्रीन लालेलाल. एकशे अठरा चुका! आदल्या संध्याकाळी छान धावणारा गेम उठायलाच तयार नव्हता.

मी देवाशपथ कोडला हात लावला नव्हता. सौरभचा विश्वास बसेना. तो खालून एकेक चूक दुरुस्त करत सुटला. एक मिटवली की दोन उगवायच्या. अडीच वाजेपर्यंत आमचं बोलणं बंद झालं होतं.

तेवढ्यात काका आले. आमची तोंडं बघितली, स्क्रीन बघितली, आणि डोळे चमकले हो त्यांचे! किती वर्षांनी माणसाला आपला फलक भेटला होता. काही न विचारता त्यांनी आपला रुंद तळवा स्क्रीनवर ठेवला आणि वरची एक ओळ सोडून सगळं झाकून टाकलं.

"वाच."

"तिचा काही उपयोग नाही, काका. ती म्हणते, उघाडी नावाची स्क्रिप्ट, म्हणजे कोडची फाइल, इथे आधीच आहे. अहो, आहेच! एकच आहे, मीच लिहिली."

"तुला काय वाटतं ते नको सांगू. मशीन काय बोलतंय? दोन उघाड्या हायत असं?"

"हो, पण..."

"मंग दुसरी शोध. बांधावर एकाच नावाच्या दोन उघाड्या असल्या तर मानसानं उघडायची कुठली?"

चिडूनच मी सगळीकडे ते नाव शोधलं. खरंच दोन निघाल्या! दुसरी होती 'जोडप्रत' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर बघून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आदल्या दिवशी काकाच म्हणाले होते, "कंपनीत आमी प्रत्येक वहीची जोडप्रत ठेवायचो. तुमी ठेवता का?" त्यांचा मान राखायला मी निघताना गेम बंद करून सगळ्या स्क्रिप्टची प्रत काढली आणि ठेवली गेमच्याच पोटात. मशीन बिचारं दोन्ही वाचत होतं.

"काका, ही तर तुम्ही सांगितलेली जोडप्रत!"

काका दाराला टेकून असे हसले की खालून काकी ओरडल्या. "म्हंजे पयला दिवा मीच!" काका म्हणाले.

फोल्डर बाहेर हलवला आणि सकाळच्या सगळ्या चुका पटकन गेल्या. उरलेल्या अकरा सौरभच्या दुरुस्तीच्या होत्या. त्या पूर्ववत करेपर्यंत चार वाजून वीस मिनिटं झाली. पाहुणे येऊन घड्याळ बघत होते. आम्ही तोंड उघडायच्या आत काका उठून उभे राहिले. "उशीर माज्यामुळं झाला. पोरांची चूक नाय." पुणेकरांना आधी काही कळेना. काकांनी सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते इतके हसले की उशिराचं कुणी नावच काढलं नाही. गेम धावला, त्यांनी तो घेतला आणि सौरभने जिन्यातूनच कंपनीला नकार कळवला.

गेमच्या शेवटी काकांचं नाव टाकायचं मी ठरवलं, तर ते संकोचले. "लावायचंच तर चुकांच्या यादीत लाव."

गेम बाहेर आला तेव्हा काका नव्हते. त्याच्या दोन महिने आधी ते झोपेतच गेले. मला आजही दुपारी जिन्याकडे कान लागतात.

काकींना वर बोलावून मी गेमचा शेवट दाखवला. नावंच नावं आली. काकी अक्षर लावून वाचतात, त्या गोंधळल्या. मग पुढे झाल्या, तळवा स्क्रीनवर ठेवून खालची सगळी नावं झाकली आणि वरची एकच ओळ सावकाश वाचली, "पहिला दिवा, काशिनाथकाका."