अर्धी ओहोटी

माझ्या ताईची अमेरिकेकडून एकच मागणी होती. तिला एक अख्खी ओहोटी बघायची होती. पाणी काठापासून मागे जाताना, थांबताना आणि परत फिरताना, सगळं एका जागी बसून.

ताई माझ्याहून बरीच मोठी. नागपूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने नोकरीभर भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा धडा आला की ती फळ्यावर चंद्र काढायची, टेबलावर परातीत पाणी ठेवायची, आणि परात तिरपी करून समुद्र हलवून दाखवायची. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही पाह्यली का ओहोटी?” ताईने सांगितलं, “पुस्तकात आहे.” हे उत्तर तिला निवृत्तीनंतरही टोचत होतं. मुलगी विसरली असेल; बाई विसरल्या नव्हत्या.

तिने समुद्र पाहिलाच नव्हता असं नाही. डिसेंबरात दादरला चैत्यभूमीवर ती कितीदा तरी गेली होती, आणि समुद्र तिथे अगदी पाठीशीच आहे. पण ती गेली होती अभिवादनाला. रांग पुढे सरकत होती, मागे गावोगावची माणसं उभी होती. “समुद्र बघत बसले असते तर मागच्यांनी काय करायचं?” ती म्हणायची.

आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहतो. ती तीन महिन्यांसाठी आली तेव्हा आधी आम्ही तिला इथली सरोवरं दाखवली. पलीकडचा काठ दिसत नाही एवढी मोठी. लाटाही होत्या. मी अभिमानाने बघत होतो, जणू मीच खणली होती.

“भरती येते?” ताईने विचारलं.

“तशी नाही. जाणवण्याइतकी नाही.”

“मंग तळंच नं ते,” ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

म्हणून एप्रिलमध्ये एका लाँग वीकेंडला मी तिला सॅन डिएगोला नेलं. बायकोला हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे आम्ही दोघंच. हाताशी एकच पूर्ण दिवस होता. हॉटेलच्या काउंटरवर रंगीत पत्रकं होती, आणि त्यांतल्या एकावर लिहिलं होतं की एका दिवसात दोन जगं बघा: सकाळी सील आणि समुद्रपक्षी, दुपारनंतर वाळवंटात जीपने थरार. फोटोत वर सील होता, खाली निवडुंग, आणि दोघांच्या मध्ये दात दाखवणारं एक गोरं कुटुंब.

“नुसता समुद्रच करू या का?” मी विचारलं. “सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसू.”

ताईने पत्रक चष्मा वर करून वाचलं. “वाळवंटही शिकवलंय मी,” ती म्हणाली. “दोन्ही होत असेल तर हेच घे.”

नागपूरच्या माणसाला ऊन दाखवायला पाचेक तासांचं विमान आणि वर दोन तासांची बस करून न्यायचं, हा विनोद मला तेव्हाही कळला होता. ताईलाही कळला होता. पण भूगोलाच्या शिक्षिकेपुढे दोन धडे ठेवले तर ती एक धडा सोडून देईल, ही अपेक्षाच चूक होती.

सकाळी बसपाशी आम्ही सगळ्यांच्या आधी हजर. आमच्या घरात वेळेआधी पोचणं ही सवय नाही, ते संरक्षण आहे. वडील गिरणीत होते. शाळेत, कचेरीत, लग्नात, कुठेही जाताना ते सांगायचे, आपल्याकडे बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. दुसरं कुणी उशिरा आलं तर त्याला उशीर झालेला असतो. आपण आलो तर ‘ही माणसं अशीच’ असं होतं. या एका वाक्यावर आमच्या घरातली दोन पोरं शिकली आणि त्यातलं एक अमेरिकेला पोचलं. वडील जाऊन खूप वर्षं झाली, पण आम्ही दोघं अजून त्यांच्याच घड्याळावर चालतो.

गाइड उंच, उन्हाने रापलेला, आणि डोक्यावर अशी टोपी की आफ्रिकेतली एखादी नदी शोधून नुकताच परतला असावा. बस सुटायच्या आधी त्याने माइक हातात घेऊन आम्हाला ‘एक्सप्लोरर्स’ अशी हाक मारली. आम्ही पंधराएक एक्सप्लोरर्स, त्यांतले निम्मे सॅन्डविच खात होते. मग एकमेकांची ओळख करून घ्या असा हुकूम सुटला.

आमच्या पुढच्या सीटवर ओहायोतल्या डब्लिनचं एक मराठी कुटुंब निघालं. नवरा, बायको आणि फोनमध्ये बुडालेला मुलगा. मराठी ऐकू आल्यावर बाई मागे वळल्या, मनापासून आनंदल्या.

“अय्या, मराठी! कुठले तुम्ही, काकू?”

“नागपूर,” ताई म्हणाली.

“अच्छा! आम्ही पुण्याचे. आडनाव काय तुमचं?”

ताईने आडनाव सांगितलं. वर्गात हजेरी घेताना सांगायची तसं, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.

मग बाई म्हणाल्या, “अच्छा, अच्छा. संत्री काय छान असतात ना नागपूरची!”

“असतात नं,” ताई म्हणाली. “तुमच्याकडेही पाठवतो आम्ही.”

मी खिडकीबाहेर बघितलं. हसू आलं की मी नेहमी खिडकीबाहेर बघतो.

समुद्रावर पोचलो तेव्हा ढग होते आणि वारा गार होता. खाली छोट्याशा वाळूवर सील पडले होते, लग्नाचं जेवण झाल्यावर मांडवात पाहुणे पडतात तसे. गाइडने माइकवरून प्रत्येकाचा स्वभाव सांगायला सुरुवात केली. हा लाजाळू, ती खट्याळ, तो या किनाऱ्याचा सम्राट. सम्राटाने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि मिटला. सगळ्यांनी फोटो काढले. गाइडने बसपाशी परत यायची वेळ सांगितली आणि ती दोनदा म्हणून घेतली.

ताई सीलकडे जेमतेम वळली होती. ती कठड्याच्या टोकाला गेली, जिथून खडक दिसत होते, आणि गाइडला बोलावून इंग्रजीत विचारलं, “सर, लो टाइड ॲट व्हॉट टाइम?”

गाइड खूश झाला. आज सकाळपासून पाणी उतरतंय, तो म्हणाला. अजून दोनेक तासांनी सगळ्यात खाली जाईल, मग तिथली डबकी उघडी पडतात, खेकडे दिसतात, फार सुंदर. आणि त्याच उत्साहात तो पुढे म्हणाला, “तोवर आपण डोंगरात असू!”

ताईने मान हलवली. मग तिने एक खडक निवडला, काळा, कुबड असलेला, ज्याच्या पाठीवरून दर लाटेला पाणी जात होतं.

“हा बघ, बाबू,” ती मला म्हणाली. “हा आत्ता बुडतो आहे. हा कोरडा राहायला लागला की समजायचं.”

आम्ही बाकावर बसलो. लाट यायची, खडक जायचा, पाठ वर यायची. हळूहळू पाणी खडकाच्या पाठीवरून न जाता कडेने जायला लागलं. मग एक मोठी लाट येऊन सगळं परत बुडवून गेली आणि ताई “अरे!” म्हणाली, क्रिकेटमध्ये कॅच सुटल्यासारखी. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं, आणि तिथे तर तीन हार होते.

मग तिने घड्याळ पाहिलं आणि उठली.

“अजून वेळ आहे,” मी म्हणालो.

“जाईपर्यंत लागतो नं. माझे गुडघे काय पळणार आहेत?”

“ताई, आपण बसच सोडू. इथेच राहू संध्याकाळपर्यंत. टॅक्सीने जाऊ हॉटेलवर.”

“आणि ते लोक आपल्याला शोधत बसतील.”

“सांगून येतो ना मी त्यांना.”

“नको बाप्पा. त्या गाइडने सगळ्यांची मोजणी केली आहे.” ती चालायलाही लागली होती.

बसमध्ये आम्ही पहिले. बस उभी होती ती एका आइस्क्रीमच्या दुकानाच्या भिंतीला तोंड करून. समुद्र मागे, रस्त्यापलीकडे. एकेक जण आला. वेळ झाली. डब्लिनचं कुटुंब आलं नाही. वेळ होऊन गेली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाइड टोपी काढून दाराशी उभा राहिला, पुन्हा घातली, मग कुणाशी तरी गप्पा मारत बसला.

“खाली उतरतेस?” मी विचारलं. “ते येईपर्यंत बघू. रस्ता ओलांडला की दिसतं.”

“आपण उतरलो आणि ते आले तर?”

“तर आपण दोन मिनिटांत येऊ.”

“म्हणजे त्यांच्यासाठी थांबलेले सगळे मग आपल्यासाठी थांबतील. राहू दे.”

मी एकटा उतरलो. रस्त्याच्या कडेला जाऊन पाहिलं आणि परत आलो.

“ताई, तुझा खडक उघडा पडला.”

ती एकदम सरळ बसली. “पूर्ण?”

“पूर्ण. बाजूची वाळूसुद्धा दिसते आहे.”

“बुडापासून?”

“बुडापासून.”

“मंग बरोबर शिकवलं,” ती म्हणाली, आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. भिंतीवर तीन गोळ्यांच्या कोनाचं चित्र होतं.

अर्धा तास तरी गेला असेल. मग ते तिघं आले, हातात तेच कोन. “सॉरी, सॉरी, एव्हरीवन! टाइड पूल्स इतके अमेझिंग होते, निघवेचना,” बाई म्हणाल्या. गाइडने टाळ्या वाजवल्या, “खरे एक्सप्लोरर्स!” आणि बसमधल्या सगळ्यांनीही वाजवल्या. ताईनेही. बाईंनी वळून तिला फोन दाखवला: खेकडा, शंख, फुलासारखं काहीतरी पाण्यात उघडलेलं.

“काकू, तुम्ही यायला हवं होतं हो.”

“छान आले आहेत फोटो,” ताई म्हणाली. मी पुन्हा खिडकीबाहेर बघितलं. या वेळी हसू आलं नव्हतं.

वाळवंटाबद्दल माझी तक्रार नाही. वाळवंटाने आपलं काम केलं. उघड्या जीपमधून आम्हाला कोरड्या ओढ्यांतून उडवत नेलं. गाइड दर उतारावर “होल्ड ऑन!” ओरडायचा आणि लोक आज्ञाधारकपणे किंचाळायचे. ताईने पदर कानांवरून घट्ट गुंडाळला होता, मे महिन्यात बाजारात निघाल्यासारखा. सगळे पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतत होते तेव्हा ती म्हणाली, “इथे सावलीत बरं आहे नं. आपल्याकडे सावलीतही नसते.”

एका मातकट टेकाडावर गाइडने टोपी छातीशी धरली आणि आवाज खाली आणला. तुम्ही उभे आहात ही जागा एके काळी समुद्राचा तळ होती, तो म्हणाला. त्याने दगडात अडकलेले शिंपले दाखवले. सगळे स्तब्ध झाले, निदान फोन काढेपर्यंत.

ताईने वाकून शिंपल्यावर बोट फिरवलं. “म्हणजे एक ओहोटी पूर्ण झालेली पाहिली म्हणायची,” ती हळूच मला म्हणाली. “भरतीची वाट बघायला मात्र त्याने वेळ दिला नाही.”

परतताना प्रत्येकाला सर्टिफिकेट मिळालं. ताईने ते निरखून पाहिलं. आयुष्यभर सर्टिफिकेटं वाटलेल्या बाईची नजर. “सही छापलेलीच आहे,” ती म्हणाली, आणि घडी न घालता पर्समध्ये ठेवलं.

विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. हॉटेलवर मी म्हणालो, “तिकीट बदलतो. उद्या दिवसभर समुद्रावर बसू.”

“सोमवारी तुझं ऑफिस नं?”

“मीटिंग कॅन्सल करतो.”

“माझ्यापायी? आणि तुझ्या हाताखालचे लोक?” तिने बॅग भरायला घेतली होती. “व्हिसा दहा वर्षांचा आहे. पुढच्या खेपेला बघू.”

मी फार आग्रह धरला नाही, कारण तिचं म्हणणं मला पटलं. पटलं, यातच सगळं आलं. तिच्या जागी मीही हेच बोललो असतो, आणि ऑफिसात रोज हेच करतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भाऊजींना पक्षाघात झाला. आता त्यांची कूस बदलायलाही ताई लागते. ती समोरच्या दुकानापर्यंत जाते ती शेजारणीला बसवून, आणि धावत परत येते. व्हिसाची अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मागच्या महिन्यात कामासाठी पुन्हा त्याच शहरात जाणं झालं. दुपारीच मोकळा झालो, आणि पाणी उतरायला लागायच्या आधी त्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. माझी कुणी मोजणी केलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत मी पाणी पूर्ण खाली गेलेलं पाहिलं, बराच वेळ काहीच न घडलेलं पाहिलं, आणि मग कुठूनशी एक पातळ रेघ पुढे सरकताना पाहिली. नागपुरात तेव्हा सकाळ झाली होती. मी व्हिडिओ कॉल लावला.

“ऑफिस लवकर सुटलं का रे?” तिने आधी हेच विचारलं. भाऊजींना चहा पाजून झाला होता.

“ताई, बघ. आत्ता फिरतंय पाणी.” मी फोन वळवला.

तिने चष्मा वर करून पाहिलं. मग म्हणाली, “दिसतंय. पण आवाज नाही येत त्याचा.”

नंतर मला ऑफिसातल्या एका मुलाने सांगितलं, की हे फोन माणसाचा आवाज तेवढा ठेवतात आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकतात. समुद्र त्यांच्या लेखी गोंगाट.

“थांब, मी बोलत नाही,” मी म्हणालो, आणि फोन पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका नेला. लाटा माझ्या बुटांवरून जात होत्या. पण मी गप्प राहिलो की पलीकडे काहीच पोचत नव्हतं, आणि थोड्या वेळाने ताई विचारायची, “आहेस नं रे?” मी म्हणायचो, “आहे.” तेवढंच तिला ऐकू जायचं.