नव्या तांदळाचा भात

भाद्रपदात माझी पत्नी वारली. कार्तिकात कार्ला गावच्या आमच्या शेतातला आंबेमोहर तांदूळ लोणावळ्याला घरी आला. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून तो वर्षभर कोठीत मुरवायचा आणि आधी जुना संपवायचा, ही आमच्या घरची शिस्त. दरवर्षी ती नवा तांदूळ ओंजळीत घेऊन हुंगायची, म्हणायची, "एकदा असाच शिजवून खाऊ," आणि कोठीत ओतायची.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी नवाच तांदूळ चुलीवर ठेवला. माझी थोरली बहीण, आक्का, दारात येऊन थांबली.

"वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. दुखवट्याच्या घरात यंदा नवान्न नसतं, ठाऊक आहे ना? लोक काय म्हणतील?"

"भात चिकट झालाय म्हणतील."

"मास्तर झालास म्हणून रीत मोडशील?"

"मोडीन. तिनं सगळं पुढच्या वर्षावर टाकलं. मी टाकणार नाही. जेवायला बस."

आक्का आत आली. मग तिनेच तुपाचं भांडं काढलं आणि माझ्याआधी पाटावर बसली.

पुढे आम्ही तांदूळ कधी मुरवला नाही. आता आक्काही नाही. मी आहे, आणि कोठीत जुना तांदूळ नाही.