तेल सुटेपर्यंत

कढईत कांदा-खोबऱ्याचं वाटण परततोय आणि लक्ष सारखं घड्याळाकडे जातंय. बायकोचा हात प्लास्टरमध्ये आहे. ती दाराशी खुर्चीवर बसून मला शिकवते आहे.

"आता पाणी घालू?"

"अहो, अजून कच्चं आहे. कडेने तेल सुटू द्या."

वीस वर्षं तिच्या रश्श्याला मी नावं ठेवली. आईच्या हातची चव नाही, म्हणालो.

"तेल सुटेपर्यंत परतायचं, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं की! पण 'आटप, किती वेळ' म्हणून बाहेरून ओरडायचं कोण?" ती हसते.

मला हसता येत नाही. कडेला तेल दिसायला पंधरा मिनिटं लागली. तेवढीही मी तिला कधी दिली नाहीत.

"आता घाला पाणी," ती म्हणते.

मी परततच राहतो.