शिंपल्याची किनार

‘उसव,’ एवढंच मावशी म्हणायच्या. मी काही बोलायच्या आत लोकरीचं टोक दोन बोटांत धरून ओढायच्या, आणि माझी सगळी दुपार सरसर उसवून त्यांच्या मांडीवर पडायची. वर म्हणायच्या, ‘रडतेस काय? लोकर कुठं पळून जातेय?’

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं भलं करतात, पण ते करताना आपल्याला चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

जेसल पार्कमधल्या आमच्या इमारतीत त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या, बरोबर आमच्या खाली. मुंबईत सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, निवृत्त होऊन इकडे आल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, समोरच्या गुजराती भाभी मासी म्हणायच्या. मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही राहिली नव्हती. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. नवरा सकाळी अंधेरीला ऑफिसला गेला की घरात मी आणि माझी भीती. झोपून भीती वाढायची, म्हणून मी उठून येरझाऱ्या घालायचे.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात मावशी. ‘डॉक्टरनी झोपायला सांगितलंय ना? मग दिवसभर माझ्या डोक्यावर कोण चालतंय?’ हातात क्रोशाची सुई आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा होता.

मधला पांढरा चौकोन त्यांनी स्वतः विणून आणला. कडेची किनार माझ्याकडे. शिंपल्याची वीण तशी सोपी. एकाच घरात पाच खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे, दोन घरं सोडून मुक्या, म्हणजे अगदी आखूड, खांबानं टाचायचं, पुन्हा दोन घरं सोडून पुढचा शिंपला. पण माझे कधी चार खांब व्हायचे, कधी सहा. त्यात माझा हात इतका घट्ट, की शिंपले भाजलेल्या पापडासारखे वळायचे.

मावशी किनारीवरून बोट फिरवत जायच्या आणि मध्येच थांबायच्या. ‘इथं काय झालं? नवऱ्याशी भांडलीस?’

‘नाही हो. त्या दिवशी सोनोग्राफी होती.’

‘मग बरोबर. उसव.’

हे कशासाठी चाललंय, ते कुणी बोलायचं नाही असा त्यांचा दंडक होता. जन्माआधी बाळाचं काही करून ठेवायचं नाही. नवऱ्यानं हौसेनं छोटे मोजे मागवले, तर मावशींनी ते परत पाठवायला लावले. ‘पाय येऊ देत, मग मोजे येतील,’ म्हणाल्या. तो बिचारा हिरमुसला. भाभींनी विचारलं, ‘मासी, ये किसके लिए?’ मावशी म्हणाल्या, ‘टीव्ही पे डालने को.’ भाभी भिंतीवर टांगलेल्या आमच्या टीव्हीकडे बघत राहिल्या. ‘मगर वो तो दीवार पे है.’ मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘तो क्या हुआ? धूल नहीं बैठती?’ भाभी जे समजायचं ते समजल्या आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

किनारीच्या तीन ओळी करायच्या होत्या. तिसरी नंतर, असं मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नंतर म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. मला विचारायचीच भीती वाटायची.

सातवा सरत आला होता. एका दुपारी दुसरी ओळ विणता विणता लक्षात आलं, की सकाळपासून पोटात काही हललेलं नाही. थंड पाणी प्यायले, कुशीवर झोपले, वाट पाहिली. मग मावशींना फोन केला. त्या वर आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘चप्पल घाल. बोलू नकोस.’ माझ्या हातातलं विणकाम त्यांनी तसंच आपल्या पिशवीत कोंबलं. मिरा रोडच्या हॉस्पिटलपर्यंत त्या रिक्षावाल्याला ओरडत होत्या, ‘भैया, गड्ढा देखो, गड्ढा!’ आणि माझं मनगट इतकं आवळून धरलं होतं, की नंतर तिथं वळ दिसत होते.

तासाभरात ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. एक किलो तीनशे ग्रॅम. रडली की नाही, मला कळलंही नाही. तिला थेट काचेच्या पेटीत ठेवलं.

तीन आठवडे ती तिथं होती. मला घरी सोडलं तरी रोज जाऊन यायचे. मावशी एकदाही आल्या नाहीत. मी परत आले की जिन्यात उभ्या असायच्या. ‘आज किती?’

‘एक किलो तीनशे चाळीस.’

‘हं,’ एवढंच म्हणून आत जायच्या. एक दिवस वजन उतरलं होतं, तेव्हा ‘हं’सुद्धा म्हणाल्या नाहीत.

मला राग आला होता, खरं सांगते. एवढं सगळं केलं आणि लेकीचं तोंड बघायला येत नाहीत. मग एकदा हॉस्पिटलातून माझ्या सामानाबरोबर घरी आलेल्या त्या पिशवीतून विणकाम काढलं. दुसऱ्या ओळीत, माझं विणकाम थांबलं होतं तिथून पुढे दहा-बारा शिंपले मावशींच्या हातचे होते. ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर बसून विणलेले. एकात सात खांब, पुढच्यात तीन, मग पुन्हा सहा. मी ते तसेच ठेवले. माझा राग तिथंच गेला.

मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या घरात नवीन कुटुंब आलंय. चांगली माणसं आहेत.

मला मात्र त्यांचं दार आठवतं ते लेकीला घरी आणलं त्या सकाळचं. वर जायच्या आधी मी त्यांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत जिन्यात उभे. आतून हुंदके ऐकू येऊ लागले. लहान मूल रडतं तसं त्या मोठ्यानं रडत होत्या.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तोंड धुतलेलं, पदर खोचलेला. ‘वाऱ्यात काय उभी राहिलीस लेकराला घेऊन?’ माझ्यावर खेकसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. ‘आण इकडे.’